सगळ्या आळीचं एक अंगण

भागीरथीने बाईजाआत्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं, पाड्याच्या तोंडाशी एक साग उभा आहे आणि कोणीतरी गंमत म्हणून त्याला लुगडं नेसवलंय. मग सागाने हात वर केला आणि वरातीची गाडी थांबली. थांबवली ती बैलांनी; गाडीवानाला कोणी विचारलंच नाही. हेच बैल टोकावड्याहून निघून मुरबाडच्या बाजारातून, दोन ओढ्यांच्या पाण्यातून आणि एका मारक्या सांडाच्या नाकासमोरून आले होते. वाटेत ढोलाला, मोटारीच्या भोंग्याला किंवा नवरदेवाच्या मामाच्या शिव्यांना त्यांनी जराही भीक घातली नव्हती. आता मात्र दोघंही शाळेत उशिरा पोचलेल्या पोरांसारखे माना खाली घालून उभे राहिले.

"गाडी हितंच," साग म्हणाला.

आवाज ऐकून ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. समोरच्या शेतातले बगळे उडाले आणि ते पुढे किन्हवलीच्या अलीकडे उतरले नाहीत म्हणतात. भागीरथीला वाटलं, ही बाई नव्या सुनेला घाबरवायला मुद्दाम असा आवाज काढत असेल. नांदायला लागल्यावर तिला कळलं की आत्याचा खासगीतला आवाज तोच. पाड्यावर असं सांगत की तिन्हीसांजेला आत्याने वासराला हाक मारली की कसाऱ्याच्या घाटातलं इंजिन दचकून शिट्टी देतं. यात अतिशयोक्ती एवढीच होती की आत्याकडे वासरू नव्हतं.

तर नवरीला गाडीतून उतरवलं. बायका पुढे झाल्या, तोंड बघायचं म्हणून. बाईजाआत्याने तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली वाकली, नवरीचं लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि बाजारात शेळी घेणाऱ्याने दात बघावेत तशी तिची टाच बघितली. मग दुसरी टाच बघितली. अंगठा फिरवला. सगळी वरात श्वास रोखून उभी.

"भेग नाय," आत्या म्हणाली. "येऊं दे आत."

एवढ्यावर ते लग्न झालं असं समजायला हरकत नाही. मंगलाष्टकं आधी होऊन गेली होती ती आपली रीत म्हणून.

मग तिथेच हंडा आला. नवरीचे पाय धुतले, नवरदेवाचे धुतले, वऱ्हाड्यांचे धुतले. नवरदेव सावळाराम, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाचा मुलगा, नवी कोरी वहाण घालून मिरवत आला होता. ती त्याने काखेत मारली. ढोलवाल्याने आपली फाटकी वहाण कुंभ्याच्या झाडाला टांगली. कुंभ्याचा हा एकच थोर वृक्ष पाड्याच्या तोंडाशी होता, म्हणून वस्तीचं नाव कुंभ्याचा पाडा. आणि मग भागीरथीने पुढे पाऊल टाकलं, आणि जागच्या जागी थांबली.

तिच्या माहेरी अंगणं नव्हती असं नाही. टोकावड्यालाही दारापुढे सारवतात, रांगोळीचा ठिपका काढतात. पण तिथे अंगण म्हणजे दारापुढचा एक तुकडा. पलीकडे करवंदीचं कुंपण, त्यापलीकडे शेजारणीचा तुकडा, त्यात शेजारणीची म्हैस. इथे एका ओळीत दहा-बारा घरं, सगळ्यांची तोंडं उगवतीला, आणि पहिल्या घराच्या ओट्यापासून शेवटच्या घराच्या केळींपर्यंत एकच एक अंगण. मध्ये कूड नाही, काटी नाही, दगडाची रेघ नाही. काळसर हिरवं, तव्यासारखं सपाट, आणि पायाला असं गार की भागीरथीला वाटलं आपण कोणाच्या तरी तळहातावर उभे आहोत. उन्हं कलती होती. ती अंगणाच्या एका टोकाला पडली की दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता जात होती. ओट्यांच्या कडेला गेरूचा पट्टा, सगळ्या घरांना एकाच उंचीचा. वळचणीही जणू दोरी लावून छाटलेल्या. इतक्या घरांसमोर एक गोवरी दिसत नव्हती, एक खुंटा दिसत नव्हता, पेंढ्याची एक काडी दिसत नव्हती. देवळातसुद्धा इतकं स्वच्छ नसतं. देवळात उंदीर असतात.

नव्या नवरीने मान वर करायची नसते. भागीरथीला त्याचे काहीच कष्ट पडले नाहीत. तिला खालीच बघायचं होतं.

*

बाईजाआत्या त्या घरची मुलगी. लहानपणीच लग्न होऊन मुरबाडकडे गेली, आणि नवरा तापाने गेल्यावर विधवा होऊन परत आली. भावांनी तिला आळीच्या शेवटच्या टोकाला एक खोपटं दिलं. तेव्हा ती तरणी होती. भागीरथीने पाहिली तेव्हा ती पन्नाशीची, आणि सगळ्या आळीची आत्या. सासरे तिला आत्या म्हणत, त्यांना सासरे म्हणणाऱ्या सुनाही आत्या म्हणत, किन्हवलीहून येणारा तेलीही आत्या म्हणे, आणि तेल मोजताना एक पळी जास्त टाकी.

आळीला तिचे कायदे होते. सरकारचे कायदे लोक मोडत. आत्याचे मोडायला कोणाची छाती होत नसे. गुरं मागल्या दारी. पेंढ्याची उडवी मागल्या दारी. उकिरडा, सरपण, शेणी, फुटकं मडकं, भांडखोर कोंबडा, सगळं मागल्या दारी. गेरूचा पट्टा ओट्याच्या कडेपासून आत्याच्या गुडघ्याइतका. ज्यांच्या घरी सणाला नवी सून येई, तिला आत्या आपल्या गुडघ्याशी उभी करून माप दाखवी. त्यामुळे आळीतल्या प्रत्येक बाईला स्वतःच्या आईचा चेहरा विसरला तरी आत्याचा गुडघा विसरणं शक्य नव्हतं. कोणी भिंतीला हौसेने निळी लावली की आत्या तिच्या दारासमोर येऊन काही न बोलता उभी राही. ती बोलली असती तर बरं, असं वाटेपर्यंत उभी राही. दुसऱ्या दिवशी निळी पुसलेली असे.

सावळारामाची आई धोंडीबाई म्हणायची, "नणंद नाय ही, जमादार हाय." पण म्हणायची मागल्या दारी.

आणि मग कार्तिक यायचा. भात कापून झालं की आळीतल्या सगळ्या बायका अंगण करायला बसत. पावसाने उखणलेली माती खोदायची, गवत खरवडायचं, डोंगराच्या पायथ्याची लाल माती टोपल्यांनी आणून पसरायची, पाणी मारायचं, पायांनी मळायची, आणि मग चोपण्यांनी चोपायची. चोपणं म्हणजे लाकडाची चपटी, वाकड्या मुठीची फळी. भागीरथीच्या हाती पहिल्या कार्तिकात तिच्या आजेसासूचं चोपणं आलं. बायका एका ओळीत उकिडव्या बसत, टोकापासून टोकापर्यंत, आणि एकदम चोपणी पडत. चोपणी एका वेळी पडली नाहीत तर माती एका पातळीत बसत नाही, असा आत्याचा सिद्धांत होता. कोणाचं चोपणं मागे राहिलं की आत्या मान न वळवता तिचं नाव घेई. भागीरथीला सुरुवातीला वाटे, आत्याला पाठीला डोळे आहेत. नंतर लक्षात आलं, कान आहेत.

चोपून झालं की शेणात तुसाची राख कालवून सारवण. आणि सारवण वाळलं की हंडा.

हा हंड्याचा प्रकार भागीरथीने माहेरी गेल्यावर सांगितला तेव्हा कोणाला खरा वाटला नाही. पहिल्या घरासमोर आत्या पाण्याने भरलेला हंडा घेऊन उभी राही. सगळी आळी, बाप्येसुद्धा, अंगणाच्या कडेला. आत्या हंडा तिरका करी. पाणी निघे. त्याला कोणी वाट काढून दिलेली नसे, पण ते जणू ठरवून निघाल्यासारखं चाले. पहिल्या घरावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, सापासारखं नाही, दोरीसारखं सरळ. लोक त्याच्या बरोबरीने पावलं टाकत. एखाद्या घरासमोर पाणी थोडं रेंगाळलं की त्या घरची बाई पांढरी पडे. थांबलं, तर तेवढं अंगण उद्या पुन्हा. आणि शेवटच्या घरावरून ते केळींच्या आणि अळवाच्या आळ्यात उतरलं की सगळ्या आळीच्या तोंडून एकदम सुस्कारा निघे, कोणाच्या घरी बाळंतीण सुटल्यावर निघतो तसा.

पहिल्या वर्षी पाणी भागीरथीच्या दारावरून न थांबता गेलं, तेव्हा तिने हातातलं चोपणं इतकं घट्ट धरलं होतं की मूठ उघडायला नवऱ्याला यावं लागलं.

*

सावळारामाचं मात्र या अंगणावर फारसं प्रेम नव्हतं. तो गाडीवान. भात भरून शहापूरच्या बाजाराला जायचा. ज्याच्या पोटावर गाडी आहे त्याला आपली गाडी दाराशी लागावी असं वाटलं, तर त्यात वावगं नाही. पण आळीचा गाडीतळ कुंभ्याखाली. तिथून पोती पाठीवर. तो भागीरथीला म्हणायचा, "कल्याणला बंगल्यापुढं मोटार उभी राहते गो. आमच्या दारापुढं बैलबी उभा राह्यला तर आत्या त्याचे खूर बघंल."

बेचाळीसच्या सुमाराला लढाईने आमच्याकडचं जंगल शोधून काढलं. वरच्या रानातून इमारती लाकूड आणि कोळसा स्टेशनावर न्यायचा होता, आणि तो लॉरीने न्यायचा होता. एका सकाळी लोखंडी साखळी, लाल झेंड्या आणि सोला टोपी असा सरंजाम घेऊन एक ओव्हरसीअर आला. नाव कमळाकरराव. गोरा, घामेजलेला, गरीब स्वभावाचा माणूस. त्याने किन्हवलीकडून येणारी गाडीवाट कुंभ्यापर्यंत मोजली, आणि पुढे मान करून पाहिलं. एका बाजूला खोल भातखाचरं, भरावाचं काम. दुसऱ्या बाजूला, घरांच्या मागे, डोंगराचा खडक आणि आळीचे सगळे उकिरडे. आणि दोहोंच्या मधोमध, तयार, चोपलेलं, ढाळ दिलेलं अंगण. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही. लोक पैसे खर्च करून रस्ता इतका सपाट करत नाहीत.

त्याने झेंड्या अंगणात रोवल्या. रोवताना वहाणा काढल्या होत्या, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आत्या आली, झेंड्यांकडे बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. कमळाकररावाने समजावून सांगितलं. लॉऱ्या जातील, पाड्याची भरभराट होईल. शेवटी म्हणाला, "आजी, इथवर गाडीवाट आहेच की. आम्ही ती जरा पुढे नेतोय, एवढंच."

आणि त्या दिवशी आळीने पहिल्यांदा पाहिलं, की बाईजाआत्या झेंड्या तशाच सोडून माघारी फिरली.

दुपारी भागीरथी तिला भाकरी द्यायला गेली. आत्या आपल्या खोपट्यासमोर, अंगणाच्या अगदी शेवटच्या टोकाला, केळीशी बसली होती. भागीरथी तिच्याशेजारी टेकली. आत्या भाकरीकडे न बघता बोलायला लागली. आवाज चक्क माणसासारखा होता.

ती म्हणाली, मुरबाडहून परत आली तेव्हा प्रत्येक घरापुढे कुंपण होतं. कपाळ फुटलेल्या बाईने सकाळी कोणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. कोणी तसं बोलत नसे. कुंपणाचं काट्यांचं फाटक पुढे ओढून घेत, बस्स. खोपट्यापुढे तर हातभर जागा, बसायचं कुठे? म्हणून तिने पहिल्या कार्तिकात भावजयीला म्हटलं, तुझं अंगण मी करते. मग शेजारणीचं केलं. चोपताना कुंपण आड येई, ते काढून ठेवी, आणि परत लावताना विसरे.

"दरसाल एक विसरले," आत्या म्हणाली. "सगळं एक झालं, मग कोणाच्या आंगणात बसली हे कोण इचारतंय? मी सगळ्यांच्याच आंगणात बसते."

भागीरथीने समोर पाहिलं. तिला इतकी वर्षं ते अंगण मोठं वाटत आलं होतं. त्या दुपारी ते तिला भिववून गेलं. एका बाईने बसायला जागा हवी म्हणून एवढं केलं होतं. तिने भाकरीचा तुकडा मोडून आत्याच्या हातात दिला. झेंडी वाऱ्याने फडफडत होती.

"गाडीवाट हाय म्हणून रस्ता, असं बोलला ना तो?" आत्या एकदम म्हणाली. आवाज परत इंजिनाचा झाला होता. "मग गाडीवाटच नसली तर?"

*

पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर लोकांनी वैदू बोलावला असता. आत्याने गाडीवाटेचं अंगण करायला घेतलं. कुंभ्यापासून थेट किन्हवलीच्या वाटेवरच्या ओहोळापर्यंत. चाकोऱ्या खोदून भरल्या, लाल माती पडली, आळीच्या सगळ्या बायका चोपणी घेऊन ओळीने बसल्या. शेजारची जना पोटुशी होती, तिला आत्याने घरी पाठवली. ती मागून येऊन दुसऱ्या टोकाला बसली. शेण कमी पडलं तेव्हा किन्हवलीहून आलं. किन्हवलीकरांनी आधी हसून घेतलं आणि मग दोन पाट्या जास्त दिल्या. काम पुरं झालं त्याच्या पुढल्या दिवशी सकाळी भागीरथी ओहोळाशी उभी राहिली आणि तिला आपलं घर दिसेना, नुसतं घराकडे जाणारं सारवण दिसत होतं. डोळा मागे फिरेना. माणसाने एवढी जमीन हाताने सारवावी, हे तिला देवाच्या मर्यादेत थोडी ढवळाढवळ केल्यासारखं वाटलं.

मग अडचणी सुरू झाल्या. सारवलेल्या अंगणावर गाडी घालायची नसते आणि वहाण ठेवायची नसते, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही कळतं. त्यामुळे आता गाडी ओहोळापलीकडे उभी राहायला लागली. ओहोळापासून दारापर्यंत मीठ, तेल, बियाणं, पाहुणे, सगळं पायी आणि अनवाणी. तेली बरणी डोक्यावर घेऊन चवड्यांवर चालत येई. एका म्हाताऱ्या पाहुण्याने ओहोळाशी पाय धुता धुता, लेकीला इथूनच आशीर्वाद सांगा म्हणून परत फिरणं पसंत केलं. कोणाच्या तरी बैलाने मध्येच शेण टाकलं, तेव्हा मालक बैलाकडून माफी मागवल्याशिवाय हलला नाही. सावळाराम पोती वाहून वाहून इतका वाकला, की आत्याला वाटलं तो शेवटी मोठ्यांना मान द्यायला शिकला. आपल्याच आळीने आपल्यालाच वेढा घातला होता, आणि तो उठवायची कोणाची हिंमत नव्हती. कारण उठवायचा म्हणजे सारवणावर चाक घालायचं.

कमळाकरराव आला, ओहोळाशी थबकला, डोकं खाजवलं आणि साहेबांना घेऊन येतो म्हणाला.

साहेब ठाण्याचे. मोटारीतून आले. त्यांचा ड्रायव्हर नवशा हा उंबरमाळीकडच्या रानातला, काळा, कमी बोलणारा. मोटार ओहोळातून वर चढली आणि थांबली. नवशा उतरला, वहाणा काढल्या, टायरापाशी नीट जोडून ठेवल्या आणि हात बांधून उभा राहिला. सगळी आळी पलीकडच्या कडेला उभी होती, आत्या पुढे. भागीरथी तिच्या मागे, आणि तिला आपलं काळीज चोपणी पडावीत तसं ऐकू येत होतं.

साहेबांनी काच खाली करून विचारलं, काय बिघडलं. नवशा म्हणाला, "पुढं आंगण हाय, साहेब."

साहेब म्हणाले, अरे, हा रस्ता आहे. नकाशात रस्ता आहे. चल.

नवशाने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पुढे पाहिलं.

"सारवलंय," तो म्हणाला.

नोकरी जाईल, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कान लाल झाले होते. पण तो काही परत मोटारीत बसेना. साहेबांनी कमळाकररावाकडे पाहिलं. कमळाकरराव खाली वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडत होता.

साहेबांचीही आई कुठल्यातरी गावी सारवत असणार; सारवून झाल्यावर वाळेपर्यंत पोरांना ओट्यावरून उतरू देत नसणार. त्यांनी बूट काढले. मोजे काढले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते झाकायला त्यांनी मोजा पटकन खिशात कोंबला. मग मागे ओहोळात जाऊन पाय धुतले, सारवणावर पाऊल टाकलं, आणि जशी भागीरथी लग्नाच्या दिवशी थांबली होती तसे थांबले.

चालत ते आळीपर्यंत आले. आत्याने हंडा उचलला. हंड्याची वेळ कार्तिकातली, पण तिने कोणाला विचारलं नाही. पाणी पहिल्या घरावरून निघालं. साहेब त्याच्याबरोबर चालायला लागले. आधी ऐटीत, मग खाली बघत, मग जनाच्या दारासमोर पाणी जरा दबकलं तेव्हा तेही दबकले. पाणी केळीत उतरलं आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही सुस्कारा सोडला. मग आपण काय केलं हे लक्षात येऊन खाकरले.

"आजी, हे अंगण कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"पाय धुतलेत ना तुमी ओहोळात?" आत्या म्हणाली. "मग आता तुमचंबी."

साहेबांनी उगवतीकडे पाहिलं, वळचणींकडे पाहिलं, त्या गेरूच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग कमळाकररावाला हळू आवाजात, जणू कोणी झोपलं आहे, असं म्हणाले, "मागून घ्या. खडक फोडा."

आत्या ओट्याला टेकून बसली. भागीरथीला वाटलं, साग पहिल्यांदाच कशाला तरी टेकलेला बघतोय आपण. नवशा आपल्या वहाणा तिथेच विसरून मोटार घेऊन गेला. आत्याने त्या धुवून कुंभ्याला टांगल्या. तो न्यायला कधी आला नाही. पण नोकरी शाबूत होती, असं कमळाकररावाकडून कळलं.

*

रस्ता मागून झाला. खडक फोडला, वाटेतले उकिरडे बुजवले. लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर धूर ओकत जायला लागल्या. आणि जाणाऱ्या-येणाऱ्या जगाला कुंभ्याचा पाडा दिसायला लागला तो पाठीकडून. इतक्या वर्षांत आत्याने जे जे मागल्या दारी लोटलं होतं, ते सगळं आता रस्त्याच्या कडेला, जगाच्या नजरेसमोर.

आधी सावळारामाला लाज वाटली. त्याने आपली उडवी रस्त्यावरून हलवली. हलवायला जागा एकच होती. मग त्याने मागलं दार रुंद केलं, पडवी काढली आणि लॉरीवाल्यांसाठी चहा ठेवला. जनाच्या घरच्यांनी पुढच्या वर्षी पडवी काढली. त्यांचे बैल पुढे अंगणात आले. स्वराज्य येईपर्यंत सगळ्या घरांची तोंडं मावळतीला झाली होती, आणि पुढलं दार मागलं दार झालं होतं. आत्याने कोणाला काही म्हटलं नाही. ती कार्तिकात चोपणं घेऊन बसे. भागीरथी तिच्याबरोबर बसे, चहाला गिऱ्हाईक नसलं की. दोन चोपण्यांनी जेवढं होई तेवढं करत, आणि आत्या हंडा ओती. पाणी तिसऱ्या घरासमोर खुंट्यांपाशी थांबे, आणि आत्या ते बघून घरी जाई.

अठ्ठेचाळीस साली बाईजाआत्या वारली. तिची तिरडी मागच्या रस्त्याने नेली. तो जवळ पडतो.